स्वमग्न मुलांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण कसे आखावे

स्वमग्नतेविषयीचे, म्हणजे ऑटिझमविषयीचे, प्रशिक्षण म्हणून बहुतेक शिक्षकांच्या वाट्याला येते ते एक सभागृह, पडद्यावर लक्षणांची यादी, दुपारचे जेवण आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी तेच शिक्षक भरलेल्या वर्गात परततात, तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा होताच कान झाकून बाकाखाली शिरणाऱ्या मुलाचे काय करावे, हे त्या यादीत कुठेच सापडत नाही. पुढील मार्गदर्शन असे प्रशिक्षण आखणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी, संस्थाचालकांसाठी आणि विशेष शिक्षकांसाठी आहे. प्रशिक्षणाचा मोठा भाग वर्गातच, शिक्षकाच्या शेजारी बसून व्हायला हवा आणि सभागृहातील तास ही त्याची पूर्वतयारी मानावी, असे माझे ठाम मत आहे. येथील सारी आखणी त्याच मतावर उभी आहे.

कोणाला कोणते प्रशिक्षण

दोन वेगळ्या गरजांची गल्लत सुरुवातीलाच टाळावी. ज्यांना विशेष शिक्षक म्हणून व्यवसाय करायचा आहे, त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावे लागते. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी बंधनकारक केली असून तिच्याशिवाय व्यवसाय करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. विशेष शिक्षणातील डी.एड. आणि बी.एड. हे त्याचे रुळलेले मार्ग आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर या अभ्यासक्रमांची रचना बदलत असल्यामुळे, शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावी. ‘मान्यता येणारच आहे, तुम्ही प्रवेश घेऊन ठेवा’ असे कार्यालयात सांगितले गेले, तर चहा न घेता उठावे. नोंदणीचे नूतनीकरण करताना निरंतर शिक्षणाचे गुणही दाखवावे लागतात, म्हणून कार्यशाळा निवडताना तिला परिषदेची मंजुरी आहे का, हे आधी विचारावे. खारघर येथे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, तर १९९१ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था खास स्वमग्नतेसाठी शिक्षक घडवत आली आहे.

दुसरी गरज सामान्य शाळेतील वर्गशिक्षकांची. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढील स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले आहे. तरीही फिरता विशेष शिक्षक एकाच वेळी अनेक शाळा सांभाळतो आणि उरलेला सगळा काळ मूल वर्गशिक्षकाजवळच असते. म्हणून यापुढचे सगळे वर्गशिक्षकाविषयी आहे.

सभागृहाआधी वर्ग

प्रशिक्षकाने पहिले व्याख्यान देण्याआधी निदान दोन अर्धे दिवस शाळेत बसून काढावेत. तास चालू असताना काय होते याइतकेच परिपाठ, तासबदल, मधली सुट्टी आणि शाळा सुटतानाची रांग यांच्याकडे लक्ष द्यावे, कारण बहुतेक अडचणी या सांध्यांवर उभ्या राहतात. ध्वनिवर्धक करकरतो का, ट्यूबलाइट लुकलुकते का, वर्ग खिचडी शिजते त्या खोलीला लागून आहे का, बाके ओढताना किती आवाज होतो, या गोष्टी शिक्षकांच्या कानाडोळ्यांना सवयीने जाणवेनाशा झालेल्या असतात. मुलाला त्या जाणवतात.

याच टप्प्यावर शिक्षकांना नोंद ठेवायला शिकवावे. वहीत तीन रकाने पुरतात: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर काय घडले. अट एकच, की मधल्या रकान्यात विशेषणे लिहायची नाहीत. ‘त्रास देतो’, ‘ऐकत नाही’, ‘लाडावलेला आहे’ या नोंदी नव्हेत. ‘वही जमिनीवर टाकली, दाराकडे धावला, दोन मिनिटे दाराची कडी हलवत राहिला’ ही नोंद झाली. अनुभवी शिक्षकांना हे सर्वांत जड जाते, कारण वर्षानुवर्षे त्यांनी मुलांना एका दृष्टिक्षेपात ओळखलेले असते आणि त्यांची ती ओळख बहुतेक वेळा बरोबरही ठरलेली असते.

नोंदीचा उपयोग पटवण्यासाठी एक उदाहरण सोडवायला द्यावे. तिसरीतला एक मुलगा आठवड्यातून एक-दोनदा वही फेकतो. दोन आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसते की हे गणिताच्या तासाला घडते, पण सगळ्याच गणिताच्या तासांना नाही. ज्या दिवशी पावसामुळे खेळाचा तास ऐनवेळी रद्द होऊन त्याजागी पाढे घेतले जातात, त्या दिवशीच घडते. एकदा एवढे कळले, की उपाय गणितात किंवा शिक्षेत शोधावा लागत नाही. खेळाचा तास होणार नाही, हे सकाळीच चित्र-वेळापत्रकातील त्या तासाचे चित्र उलटवून आणि त्याजागी दुसरे लावून सांगता येते.

एक मर्यादा मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट करावी: निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ या पडताळणी यादीतून शाळेला शंका नोंदवता येते. त्यापुढचे मूल्यमापन तज्ज्ञच करतात. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणीही त्यांच्याच हाती असते. शिक्षकाच्या तीन रकान्यांच्या नोंदी तज्ज्ञापर्यंत पोहोचल्या, तर त्यांना त्या फार मोलाच्या वाटतात.

शब्दांचा तास

सभागृहातील पहिला तास शब्दांना द्यावा. ‘स्वमग्न’ हा शब्द मराठीत रुळला असला, तरी मूल जाणूनबुजून स्वतःत रमले आहे असा त्यातून समज होतो; ‘आत्मकेंद्री’ तर आपण स्वार्थी माणसाला म्हणतो, त्यामुळे तो टाळलेलाच बरा. पुष्कळ पालक सरळ ‘ऑटिझम’ म्हणतात. पालक जो शब्द वापरतात तो शिक्षकांनीही वापरावा, एवढा नियम पुरे.

लक्षणांबाबत २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेतील दोन मुख्य गट शिक्षकाला स्वतःच्या शब्दांत सांगता यावेत: सामाजिक संवादातील वेगळेपण, आणि पुनरावृत्तीचे वर्तन व मर्यादित पण खोल आवडी, ज्यांत आवाज-प्रकाश-स्पर्श यांची कमी-जास्त संवेदनाही येते. स्वमग्नतेचे वर्णन प्रथम करणाऱ्यांपैकी एक असलेले मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये काय लिहिले, हे चहाच्या सुट्टीत सांगितले तरी चालेल. त्यापेक्षा आईवर येणारा ठपका दूर करण्यासाठी वेळ राखावा. ‘तुम्ही मोबाइल दिलात म्हणून’, ‘तुम्ही नोकरी करता म्हणून’, ‘लस टोचली म्हणून’ ही वाक्ये पालकसभेत आजही ऐकू येतात. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, ही माहिती प्रत्येक शिक्षकाजवळ असावी.

मराठीतून सूचना देताना

प्रशिक्षणाचा हा भाग परदेशी पुस्तकांतून आयता मिळत नाही, आणि माझ्या मते हाच सर्वांत फळ देणारा आहे. आपले वर्गातले मराठी वाक्प्रचारांनी, उपरोधाने आणि प्रश्नार्थक दटावणीने भरलेले असते. ‘कान उघडे ठेव’, ‘डोकं लावून वाच’, ‘तोंडाला कुलूप’, ‘पाटी कोरी आहे का तुझी?’, ‘बघ हं, एक देईन!’ शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला यातले शेवटचे वाक्य ऐकून शिक्षक काहीतरी देणार असे वाटू शकते, आणि त्याने हात पुढे केला तर तो उद्धटपणा समजला जातो. ‘हे काय चाललंय?’ या प्रश्नाला ‘पंखा’ असे उत्तर आले, तर मुलाने प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिलेले असते.

यासाठी एक सराव घ्यावा. प्रत्येक शिक्षकाने आदल्या आठवड्यात वर्गात वापरलेली वीस वाक्ये आठवून लिहावीत आणि ती बदलावीत. एका वाक्यात एकच क्रिया असावी. मुलाचे नाव आधी घ्यावे. काय करू नये याऐवजी काय करावे ते सांगावे. ‘पळू नकोस’ ऐवजी ‘भिंतीच्या कडेने चाल’. ‘चला, आता आपण काय करणार बरं?’ ऐवजी ‘सोहम, मराठीची वही काढ’. सूचना दिल्यानंतर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत आणि तोवर तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा देऊ नये, कारण बदललेले शब्द म्हणजे मुलाच्या दृष्टीने नवी सूचना असते आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून उलगडा करावा लागतो. हे दहा आकडे शिक्षकांना फार लांब वाटतात. सरावात घड्याळ लावून एकमेकांवर प्रयोग करायला लावावा. बहुतेक जण चौथ्या आकड्याला बोलून मोकळे होतात.

सर्वनामांकडेही लक्ष वेधावे. ‘तुला पाणी पाहिजे’ असे म्हणणारे मूल पुष्कळदा स्वतःची तहान सांगत असते. त्याने हे वाक्य जसे ऐकले तसेच साठवलेले असते. अशा वेळी ‘तुला नाही, मला म्हण’ अशी दुरुस्ती गोंधळ वाढवते. शिक्षकाने पाणी द्यावे आणि मुलाच्या बाजूने ‘मला पाणी पाहिजे’ एवढे म्हणून थांबावे. जाहिरातीतील वाक्य किंवा कालच्या कवितेची ओळ मूल अवेळी म्हणते, तेव्हाही तिचा कशाशी तरी संबंध असतो, आणि तो बहुधा आईला ठाऊक असतो. घरी आजी मालवणी किंवा अहिराणी बोलत असेल, तर कोणत्या गोष्टीला मूल कोणता शब्द वापरते, याची छोटी यादी पालकांकडून मागून घ्यावी.

दिसणारे वेळापत्रक

उत्तर कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी स्वमग्न मुलांना शिकवण्यासाठी विकसित केलेल्या ‘टीच’ (TEACCH) पद्धतीतून चार प्रश्न घ्यावेत: मला कोणते काम करायचे आहे, किती करायचे आहे, ते संपले हे मला कसे कळेल, आणि त्यानंतर काय आहे. मुलाला या चारही प्रश्नांची उत्तरे न बोलता, डोळ्यांनी दिसली पाहिजेत. चित्र-वेळापत्रक, ‘आधी–मग’ कार्ड, डावीकडे करायच्या कामाचा खोका आणि उजवीकडे झालेल्या कामाचा खोका ही साधने त्यासाठीच आहेत.

कार्यशाळेतून कोणीही रिकाम्या हाताने परतू नये. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद, शिवणकामाच्या दुकानात मिळणारी वेल्क्रोची पट्टी, रुंद चिकटपट्टी आणि शाळेतील खऱ्या वस्तूंची मोबाइलवर काढलेली छायाचित्रे एवढ्यात वेळापत्रक तयार होते. विकतच्या चित्रांतला पिवळा बसथांबा आणि लाल छपराचे घर मुलाने कधी पाहिलेले नसते. त्याच्या शाळेचा नळ, त्याचा डबा आणि त्याच्या बाईंचे टेबल त्याला ओळखू येते.

चुका नेहमी त्याच होतात, म्हणून त्या आधीच दाखवून द्याव्यात. वेळापत्रक फळ्यावर मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगले जाते, तपासणी अधिकारी येतात तेव्हा ते स्वच्छ असते, पण तास संपल्यावर चित्र काढून ‘झाले’च्या पाकिटात टाकण्याचे काम मुलाला कधीच दिलेले नसते. किंवा ‘आधी–मग’ कार्डाची धमकी होते: ‘आधी दहा गणितं, नाहीतर खेळ बंद.’ ज्या कार्डाने दिलेले वचन एकदा मोडले, ते कार्ड मूल पुन्हा बघत नाही.

बोलण्याशिवायचा संवाद

चित्रे दिली तर मूल बोलायचे थांबेल, ही भीती पालकांइतकीच शिक्षकांनाही असते. आजवरच्या अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. काही मुलांमध्ये चित्रांच्या वापराबरोबर बोलणे वाढलेलेही दिसते. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या ‘पेक्स’ पद्धतीत मूल चित्र उचलून समोरच्याच्या हातात देते आणि मागते. तिचे सहा टप्पे आहेत. पहिला टप्पा शिकवतानाच दोन मोठी माणसे लागतात, त्यामुळे व्याख्यान ऐकून ती येत नाही. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने तयार केलेले ‘जेलो’ हे विनामूल्य ॲप मराठीतही चालते. शिक्षकाने ते मुलाच्या हाती देण्याआधी स्वतः एक संपूर्ण मधली सुट्टी न बोलता केवळ त्यावरून संवाद साधून पाहावा.

मूल कोसळते तेव्हा

हट्ट आणि मेल्टडाउन यांतील फरक अभिनयाने समजावता येत नाही, पण लक्षणांनी समजावता येतो. हट्टाला प्रेक्षक लागतो आणि मागणी पूर्ण होताच तो थांबतो. मेल्टडाउनमध्ये मुलाचा ताबा सुटलेला असतो आणि त्या क्षणी मागितलेली वस्तू दिली तरी तो शमत नाही. त्या वेळी शिकवण काहीच पोहोचत नसते, म्हणून बोलणे कमी करावे, इतर मुलांना बाहेर न्यावे, पंखा-दिवा बंद करावा, मुलाला धरून ठेवू नये आणि धोकादायक वस्तू तेवढ्या दूर कराव्यात. शाळेने एक शांत कोपरा ठरवावा आणि तो शिक्षेसाठी कधीही वापरू नये. मूल धावत निघाले तर फाटकाजवळ कोण थांबेल, वर्ग कोण सांभाळेल, पालकांना फोन कोण करेल, ही नावे लिहून शिपाईमामांसह सर्वांना सांगितलेली असावीत. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये, पण सांगावे.

प्रशिक्षक निवडताना

‘नव्वद दिवसांत बरे करू’ असे सांगणाऱ्यास बोलावू नये. वर्तन-विश्लेषणावर आधारलेल्या पद्धती जगभर वापरल्या जातात आणि छोट्या पायऱ्यांनी शिकवण्याचे त्यांचे तंत्र उपयोगी आहे. परंतु नजरेला नजर देण्याची सक्ती, हात फडफडवणे थांबवण्याचा आग्रह आणि दिवसभराचे बक्षीस-गुण यांवर स्वतः स्वमग्न असलेल्या प्रौढांनी कठोर टीका केली आहे, आणि ती शिक्षकांना ऐकवणारा प्रशिक्षक हवा. डेमियन मिल्टन या स्वमग्न संशोधकाने २०१२ मध्ये मांडलेला मुद्दा साधा आहे: गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, स्वमग्न माणसाला इतरांचे कळत नाही तसे इतरांनाही त्याचे कळत नाही. शक्य असेल तिथे एक सत्र स्वमग्न प्रौढाकडे आणि एक पालकाकडे द्यावे, आणि इतर तज्ज्ञांना देतो तेवढेच मानधन त्यांनाही द्यावे.

वर्गातले मार्गदर्शन

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकापासून शिक्षक-प्रशिक्षणाविषयी जे लिहिले त्याचा गाभा असा, की प्रात्यक्षिक आणि सरावानंतर वर्गात सोबत मिळाली नाही, तर शिकलेले वर्गापर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तिथून केंद्रशाळेला झिरपत येणारी प्रशिक्षणे ही उणीव आणखी वाढवतात. चौथ्या पायरीवर चलचित्रे आणि सराव गळून पडतात आणि वाचून दाखवण्याजोगा मजकूर तेवढा उरतो.

दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर तीन महिन्यांत सहा वर्गभेटी, ही मला व्यवहारात बसणारी आखणी वाटते. भेटीआधी शिक्षकाने एकच बाब निवडावी, उदाहरणार्थ तासबदलाची सूचना. प्रशिक्षकाने वीस मिनिटे पाहावे, पालकांची लेखी परवानगी असेल तर पाच मिनिटांचे चित्रण करावे आणि त्याच दिवशी दोघांनी मिळून ते पाहावे. चर्चेची सुरुवात शिक्षकाकडून जे जमले त्या क्षणापासून करावी. मुख्याध्यापकांनी या भेटींना गोपनीय अहवालापासून दूर ठेवावे. मूल्यमापनाची शंका आली की शिक्षक वर्गातला सोपा तास निवडून दाखवतात.

चित्रण पाहून शिकण्याची ही रीत गोव्यात तपासली गेली आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ‘संगत’ या संस्थेचा सहभाग होता. तिच्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या कार्यकर्त्यांनी ६५ स्वमग्न मुलांपैकी निम्म्या मुलांच्या पालकांना त्यांच्याच खेळाची चित्रणे दाखवून मार्गदर्शन केले. त्या पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. प्रयोग पालकांवर होता, शिक्षकांवर नव्हे, हे खरे. पण देखरेख असेल तर तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही हे शिकता येते, एवढे त्यातून घेता येते.

पालकांना बोलवायचे ते तक्रारीसाठी नव्हे, हेही प्रशिक्षणातच ठरवावे. घरी काय चालते, काय खात नाही, कशाने शांत होते, हे पहिल्या भेटीत विचारावे आणि त्यानंतर रोजच्या डायरीत दोन ओळी लिहाव्यात, त्यांतली एक जमलेल्या गोष्टीची. परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे ओळखपत्र आणि प्रमाणपत्र लागते. ती कागदपत्रे नववीपर्यंत तयार असावीत, दहावीच्या डिसेंबरात धावाधाव नको.

सहाव्या भेटीला शिक्षकांची परीक्षा घेऊ नये. वेळापत्रकाची पट्टी हातात घेऊन पाहावी. तिचे कोपरे मळलेले असतील, वेल्क्रो सैल झाला असेल आणि एखाद्या चित्राच्या जागी शिक्षकाने पेनाने काढलेले ओबडधोबड चित्र असेल, तर ती वापरात आहे. पट्टी कोरी करकरीत निघाली, तर सातवी भेट ठरवावी.